७५ हॉर्सपॉवर कमी, तरी ४ सेकंद पुढे

मिशिगनमधल्या माझ्या एका मित्राने २०१० सालची शेव्हरोले कॅमॅरो एसएस घेतली. हा माणूस कॉलेजात असताना आरएक्स १०० चा सायलेन्सर बदलून पुण्यात फिरायचा. त्यामुळे गाडी दारात आल्यावर आठवड्याभरात त्याचा फोन येणार, हे ठरलेलंच होतं. "इंजिनमध्ये आधी काय बदलू? सरळ सुपरचार्जरच टाकू का?"

त्याच्या अटी अशा. आठवडाभर ऑफिसला हीच गाडी न्यायची, रविवारी लेकीला मराठी शाळेत हिनेच सोडायचं आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा ट्रॅक डेला जायचं. पैसे साठलेत ते एकाच मोठ्या कामापुरते. चुकीच्या जागी खर्च झाले तर गाडी ना धड रस्त्याची राहणार, ना ट्रॅकची.

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. आधी कॅमॅरोच्याच दोन भावंडांची गोष्ट सांगितली.

२०१२ सालच्या कॅमॅरो झेडएल१ मध्ये ६.२ लिटरचं सुपरचार्जरवालं इंजिन होतं. ताकद ५८० हॉर्सपॉवर. जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंग ट्रॅकवर तिने ७ मिनिटं ४१.२७ सेकंदांत लॅप पूर्ण केला. त्यानंतर आलेल्या २०१४ च्या झेड/२८ मध्ये सुपरचार्जर नव्हता. इंजिन ७ लिटरचं आणि ताकद ५०५ हॉर्सपॉवर, म्हणजे ७५ ने कमी. तिची वेळ मात्र ७ मिनिटं ३७.४० सेकंद. कमी ताकदीची गाडी जवळपास ४ सेकंद आधी पोचली! ती सुमारे १३५ किलोंनी हलकी होती, तिचे टायर अधिक चिकट होते आणि ब्रेक कार्बन-सिरॅमिकचे होते. म्हणजे ट्रॅकवरचा वेग एकट्या हॉर्सपॉवरच्या आकड्यात मावत नाही. मग तो आकडा नेमकं काय सांगतो?

इंजिन म्हणजे हवेचा पंप

पेट्रोल जास्त ओतणं सोपं आहे, ते जाळायला पुरेशी हवा आत घेणं अवघड. मित्राच्या गाडीतलं इंजिन एलएस३, ६.२ लिटरचं, ४२६ हॉर्सपॉवरचं. चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाइतकी हवा ओढतं. मिनिटाला ६,००० फेरे असतील तर ३,००० × ६.२ = १८,६०० लिटर हवा. शांत बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो. म्हणजे हे इंजिन दोन हजारांहून जास्त माणसांचा श्वास एकटं घेतं.

एवढ्या हवेबरोबर सेकंदाला साधारण २७ ग्रॅम पेट्रोल जळतं आणि त्यातून सुमारे १,२०० किलोवॉट ऊर्जा सुटते. ४२६ हॉर्सपॉवर म्हणजे ३१८ किलोवॉट. उरलेले जवळपास ९०० किलोवॉट बहुतांशी उष्णता बनून सायलेन्सर, रेडिएटर आणि तेलावाटे बाहेर पडतात. आपल्याकडच्या २ किलोवॉटच्या गीझरच्या हिशेबात, चारशेहून जास्त गीझर एकाच वेळी चालू!

फ्रीवेवर हे कधी जाणवत नाही, कारण ताशी १०० किलोमीटरचा स्थिर वेग राखायला साधारण २० हॉर्सपॉवर पुरतात. पूर्ण ताकद लागते ती रॅम्पवरून आत घुसताना, चार-पाच सेकंद. ट्रॅकवर तीच ताकद वीस मिनिटं पुन्हा पुन्हा मागितली जाते. रस्ता आणि ट्रॅक यांतला खरा फरक हा आहे.

पर्याय एकेक करून

पहिला, हवेची वाट मोकळी करणं: थंड हवा घेणारा इनटेक आणि मोकळे एक्झॉस्ट हेडर. हवा ३ अंशांनी थंड झाली की तिची घनता जेमतेम १ टक्क्याने वाढते. त्यामुळे इनटेक बदलून आवाज भरपूर मिळतो, ताकद थोडीच. हेडरचा फायदा जास्त, पण तोही मुख्यतः वरच्या फेऱ्यांत.

दुसरा, कॅमशाफ्ट. व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे हे तो ठरवतो. ते जास्त वेळ उघडे ठेवले की वेगात फिरणाऱ्या इंजिनात जास्त हवा शिरते. पण फेरे कमी असताना तीच हवा उलट बाहेर ढकलली जाते, सिग्नलला गाडी थरथरते आणि खालचा टॉर्क घटतो. हा सौदा जुनाच आहे. १९६७ सालची पहिली झेड/२८ ट्रान्स-ॲम शर्यतींसाठी काढली होती. तिथे इंजिनाला ५ लिटरची मर्यादा होती, म्हणून शेव्हरोलेने रुंद सिलिंडरात छोटा स्ट्रोक बसवला आणि इंजिन जास्त फेरे घेणारं केलं. शर्यतीत गाडी गाजली, पण पूर्ण २९० हॉर्सपॉवर ५,८०० फेऱ्यांना मिळायचे. आपला मित्र फ्रीवेवर सहाव्या गिअरमध्ये १,६०० फेऱ्यांच्या आसपास असतो. तिथे त्याला वरच्या ताकदीचा काय उपयोग?

तिसरा, कॉम्प्रेशन वाढवणं. एलएस३ चा रेशो १०.७. तो ११.५ केला तर आदर्श ऑटो चक्राच्या गणिताने कार्यक्षमता साधारण २ टक्क्यांनी वाढते. त्यासाठी इंजिन उघडावं लागतं, आणि ठिणगीनंतर ज्वाला पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटण्याचा, म्हणजे नॉकिंगचा, धोका वाढतो. इथे ऑक्टेन बघावा लागतो. कॅलिफोर्नियात पंपावर सहसा ९१ च मिळतं, पूर्वेकडे आणि मध्य-पश्चिमेत ९३. (भारतातल्या ९१ शी याची तुलना करू नका. मोजायची पद्धत वेगळी आहे, अमेरिकेतलं ९१ भारतीय मापात साधारण ९५ ते ९६ भरतं.)

चौथा, सुपरचार्जर. हवाच दाबून भरायची, त्यामुळे फायदा सर्वांत मोठा. पण दाब दीडपट केला की आदर्श स्थितीतही हवा ३५ अंशांहून जास्त तापते, प्रत्यक्षात त्याहून अधिक. ती थंड करावी लागते आणि नॉकिंगपासून जपावं लागतं. झेडएल१ च्या अभियंत्यांनी नुसता सुपरचार्जर बसवला नाही. त्यांनी कॉम्प्रेशन ९.१ वर आणलं आणि इंजिनच्या तेलाला, गिअरबॉक्सला, डिफरन्शिअललाही कूलर दिले. आपण फक्त किट आणून बसवतो, तेव्हा ५८० चा आकडा उचलतो आणि बाकीची यादी मागे ठेवतो.

आकड्यात न दिसणाऱ्या दोन गोष्टी

एक, तेल. वळणावर गाडीला १ जी इतका बाजूचा जोर बसला की ऑइल पॅनमधल्या तेलाची पातळी ४५ अंशांनी कलते. पंपाच्या तोंडाशी तेल उरलं नाही तर बेअरिंग क्षणभर कोरडी फिरतात, आणि इंजिन संपायला तेवढं पुरतं. झेड/२८ ला ड्राय संप, म्हणजे तेलाची वेगळी टाकी, होती ती याचसाठी.

दोन, ब्रेक. १,७५० किलोंची गाडी ताशी १९० वरून ८० वर आणताना सुमारे २० लाख ज्यूल उष्णता निघते. तेवढ्यात ६ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला येईल. हे दर लॅपला अनेकदा घडतं. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून इंजिनमध्ये घातलेल्या प्रत्येक हॉर्सपॉवरचं बिल पुढच्या वळणावर ब्रेककडे येतं. साधं डॉट ३ फ्लुइड नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत टिकायला हवं. हवेतला ओलावा शोषल्यावर ही हमी १४० अंशांवर येते. ते उकळलं की पेडल थेट जमिनीला.

कायद्याचंही बघायला हवं. रस्त्यावरच्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं हे फेडरल कायद्याचं उल्लंघन आहे. कॅलिफोर्नियात तर इंजिनच्या अशा भागावर राज्याचा मंजुरी क्रमांक नसेल तर गाडी स्मॉग तपासणीत अडकते.

मग काय ठरलं?

मी मित्राला हा क्रम सुचवला. आधी ताजं डॉट ४ फ्लुइड, ट्रॅकचे ब्रेक पॅड आणि चांगले टायर. मग तेलाचं तापमान दाखवणारा गेज, ऑइल कूलर आणि वळणावर तेल धरून ठेवणारं पार्टिशनवालं ऑइल पॅन. उरलेल्या पैशांत प्रशिक्षकाला शेजारी बसवून दोन ट्रॅक डे. एक हंगाम झाला की गेजच्या नोंदी बघायच्या. तेल आटोक्यात असेल आणि सरळ रस्त्यावर खरंच ताकद कमी वाटत असेल, तर हेडर आणि सौम्य कॅमशाफ्ट. सुपरचार्जर यादीत शेवटी.

तो थोडा खट्टू झाला. "म्हणजे ४२६ चे ४२६ च राहणार?"

हो, आकडा तोच राहणार. फक्त पहिल्या लॅपला मिळणारे ४२६ दहाव्या लॅपलाही मिळतील आणि रविवारी लेक वेळेवर शाळेत पोचेल.