पिशवी काढताना हाडांचंही विचारा

‘मुलं झाली, आता पिशवीचं काय काम?’ असं म्हणत ऑपरेशनचा निर्णय होतो. बीड जिल्ह्यातल्या अनेक ऊसतोड महिलांचं गर्भाशय तरुण वयातच काढलं गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं आणि राज्यभर खळबळ उडाली. पण त्या ऑपरेशनात अंडाशय राहिले की तेही काढले गेले, हा प्रश्न मागे पडला. हाडांसाठी तोच कळीचा आहे, कारण हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन प्रामुख्याने अंडाशयांत तयार होतं, गर्भाशयात नाही.

हाड दगडासारखं दिसलं तरी जिवंत असतं. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड पोखरतात, ऑस्टिओब्लास्ट पेशी ते खड्डे भरतात. प्रौढ सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो. पोखरणाऱ्या पेशींना आवर घालतं ते इस्ट्रोजेन. त्यांना कामाला लावणारा ‘रँकल’ हा प्रथिन-संदेश ते कमी करतं, त्यांचं आयुष्यही घटवतं. इस्ट्रोजेन ओसरलं की खड्डे वाढत जातात आणि भरणी मागे पडते. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत घटू शकते. मणक्यांचं जाळीदार हाड आधी पोकळ होतं.

इस्ट्रोजेनचं काम फक्त पाळी आणि बाळंतपणापुरतं नाही, याचा पुरावा एका पुरुषाने दिला. अमेरिकेतल्या २८ वर्षांच्या या माणसाची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि तो अजून वाढतच होता. हाडं मात्र ठिसूळ. टेस्टोस्टेरॉन पुरेसं होतं, पण जनुकातल्या दोषामुळे त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनचा संदेश कळतच नव्हता. ही नोंद १९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली.

नैसर्गिकरीत्या पाळी जाताना इस्ट्रोजेन हळूहळू उतरतं. दोन्ही अंडाशय काढले की ते एकदम कोसळतं. पस्तिशीतल्या बाईला हाडांची ही झीज पुढे कितीतरी वर्षं सोसावी लागते, तीही डोक्यावर उसाची मोळी घेऊन.

म्हणून ऑपरेशनआधी डॉक्टरांना विचारा: ते खरंच गरजेचं आहे का? अंडाशय राहणार का? ऑपरेशन झालं असेल, तर डिस्चार्ज कार्डावर अंडाशयांबद्दल काय लिहिलंय ते पाहा. दोन्ही काढले असतील, तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि हार्मोन उपचार यांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. नाचणी, तीळ, दूध आणि ऊन हवंच, पण गेलेल्या इस्ट्रोजेनची जागा ते घेऊ शकत नाहीत.