परीस आणि आरसा

यंदाच्या उन्हाळी सुट्टीत चार दिवस भालकीस बहिणीकडे जाण्याचा योग आला. बिदरहून उदगीरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे तालुक्याचे गाव. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा निजामाच्या जुन्या मुलखातले हे गाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. घरातली बोली मात्र सरकारी हुकुमाने बदलत नाही. माझ्या भाच्याचे शिक्षण कानडीतून, बाजारातले बोलणे दखनीत आणि आईशी भांडण मराठीत! असा हा तेरा वर्षांचा पंडित मराठी पुस्तक काही हाती धरीत नसे. हिंदीमुळे अक्षरे ओळखी, पण पानभर वाचायचे म्हटले की त्यास धाप लागे. मराठी त्याच्या कानात होती, डोळ्यांत उतरली नव्हती. बहिणीची ही तक्रार मी दोन वर्षे ऐकत होतो.

म्हणून जाताना एक पुस्तक नेले. जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेच्या हॅरी पॉटरची पहिली कादंबरी 1997 च्या जूनमध्ये लंडनच्या ब्लूम्सबरी प्रकाशनाने काढली, तेव्हा पहिली आवृत्ती अवघ्या 500 प्रतींची होती. 2007 साली सातवा भाग निघेतो हा चष्मेवाला पोर जगभर पोहोचला होता. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने पहिला भाग मराठीत आणला तो 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने.

मी स्वतः तो वाचला नव्हता. चाळिशी उलटलेल्या गाण्याच्या मास्तराने मुलांची जादूची कादंबरी वाचावी, हे मला कमीपणाचे वाटे. वास्तविक असे वाटण्याचे कारण नव्हते. भरतमुनींनी आठ रसांत अद्भुताला मानाने बसविले आहे. मराठीत तर 1861 च्या 'मुक्तामाले'पासून अद्भुताचा ओघ वाहतो आहे. 1913 साली नाथमाधवांची 'वीरधवल' आली आणि पुढे तरुणांच्या कित्येक पिढ्यांनी ती रात्री जागून वाचली. नाथमाधव तरुणपणी शिकारीच्या नादात सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि कमरेखाली लुळे झाले. ज्याला अंथरुणावरून उठता येत नव्हते, त्याने महाराष्ट्राला घोड्यावर बसवून दऱ्याखोऱ्यांतून दौडविले! हे सारे ठाऊक असूनही आपण पुस्तक हाती घेताना आधी आजूबाजूस कोणी पाहत नाही ना, याची खात्री करतोच.

पहिल्याच दुपारी, 'मुलांच्या हाती देण्याजोगे आहे की नाही ते पाहावे' अशी स्वतःची समजूत घालून मी पुस्तक उघडले. जिन्याखालच्या कपाटात झोपणारा अनाथ मुलगा, अकराव्या वाढदिवसाच्या सुमारास त्याला येऊ लागलेली पत्रे, लंडनच्या स्थानकावरचा तो पावणेदहा क्रमांकाचा फलाट! बहिणीने ठेवलेला चहा निवून गेला. भाचा दोनदा डोकावून गेला आणि अखेर म्हणाला, "मामा, हे माझ्यासाठी आणलाव का तुमच्यासाठी?"

मग तह झाला. रात्री माळवदावर अंथरुणे पडली की एक पान त्याने वाचायचे, एक मी. पहिल्या रात्री तो जोडाक्षरांवर ठेचकाळत होता. दुसऱ्या रात्री माझे पान लांबले की तो पुस्तक ओढू लागला. 'पुढे काय झाले' या तीन शब्दांत केवढे बळ आहे, ते मास्तरकीच्या इतक्या वर्षांत मला उमगले नव्हते.

मला या पुस्तकाने पकडले ते त्यातल्या गाण्याने. जादूच्या शाळेचे एक गीत आहे, आणि ते ज्याने त्याने आपापल्या आवडीच्या चालीत एकदमच म्हणायचे असते. आमच्या वर्गात हे रोज घडते, पण तेथील मुख्याध्यापक डंबलडोर डोळे पुसतात आणि संगीताला आपल्या शाळेतल्या साऱ्या जादूच्या वरचे स्थान देतात! पुढे परीस राखणारा एक तीन डोक्यांचा कुत्रा आहे. वाद्य वाजले की त्यास झोप येते. हॅरीला वाजविता येत नाही. हॅग्रिड या थोराड मित्राने कोरून दिलेली लाकडी बासरी तो कशीबशी फुंकतो आणि कुत्रा पेंगू लागतो. ग्रीक पुराणात ऑर्फियसने पाताळाच्या दारचा कुत्रा असाच निजविला होता. श्रोते झोपलेले मीही पुष्कळ पाहिले आहेत. त्यामुळे कोणाचे कार्य सिद्धीस गेले, हे मात्र प्रथमच वाचले.

तिसऱ्या रात्री आरसा आला. त्या आरशात माणसाला आपल्या मनातली सर्वांत खोल इच्छा दिसते. तान्हेपणी आईबाप गमावलेल्या हॅरीला ती दोघे आपल्यामागे उभी दिसतात. तो पुनःपुन्हा तेथे जातो. अखेर डंबलडोर त्यास समज देतात, की या आरशापुढे बसून कित्येकांचे आयुष्य वाया गेले आहे.

भाच्याने पुस्तक मिटले. "मामा, तुम्हाला त्यात काय दिसलं असतं?"

"तुझे आजोबा. गाताना."

त्याने आपल्या आईच्या वडिलांना पाहिले नव्हते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. ते ऐन तरुणपणी दरबारी गवई होते. 1948-49 च्या सुमारास संस्थाने विलीन झाली, दरबार मोडला. त्यानंतर दर दसऱ्यास ते पेटीतला जरीचा रुमाल काढून डोक्यास बांधीत, तंबोरा जुळवीत आणि भिंतीवरच्या आरशासमोर बसून गात. कोणी शिकायला आले तर म्हणत, "आता ऐकायला कोण आहे?" मला त्यांच्याकडून दरबाराची वर्णने जितकी मिळाली, तितक्या बंदिशी मिळाल्या नाहीत. त्यांचा मला राग येई. परक्या देशातल्या मुलांच्या गोष्टीत तोच आरसा पाहिला, आणि त्यांच्यापुढे जाऊन कोणी डंबलडोरसारखे खांद्यावर हात ठेवून बोलले नाही, याचे मला प्रथमच वाईट वाटले. मीही कधी बोललो नव्हतो.

चौथ्या रात्री शेवट. परीस मिळतो तो हॅरीला, कारण त्याला तो शोधायचा असतो, वापरायचा नसतो. दुष्टाच्या मदतनिसाला त्याच आरशात परीस दिसतो, पण हाती येत नाही. पुढे परिसाचा मालक निकोलस फ्लामेल तो नष्ट करण्यास कबूल होतो आणि सहा शतकांहून लांबलेले आपले आयुष्य आवरते घेतो. हा फ्लामेल खराखुरा होऊन गेला. तो पॅरिसचा लेखनिक, मृत्यू 1418 सालचा. किमयागार ही त्याची कीर्ती मागाहूनची.

इतक्यात पलीकडच्या बाजेवरून आवाज आला, "नामदेवरायांनी टाकला तसाच की!" बहिणीचे सासरे अण्णा तीन रात्री झोपेचे सोंग घेऊन ऐकत होते! मग त्यांनी परिसा भागवताची कथा सांगितली. भागवताच्या बायकोने परीस राजाईला दिला, नामदेवांनी तो चंद्रभागेत टाकून दिला. भागवत जाब विचारू लागला, तेव्हा नामदेवांनी पात्रातले ओंजळभर खडे काढून पुढे केले. ते सारेच परीस!

भाचा उठून बसला. "मग अण्णा, हॅरीचा दगडही नदीतच टाकायला पाहिजे होता."

अमेरिकेत या पुस्तकाचे नाव बदलावे लागले. मूळ नावातल्या 'तत्त्वज्ञा'ला मुले बुजतील, असे तेथील प्रकाशकास वाटले. मराठी अनुवादास एकच शब्द पुरला आणि त्या शब्दाने वारकरी आजोबा व कानडी शाळेतला नातू एका बाजेवर आणून बसविले. आळंदीची भिंत चालली हे ज्या घरात रोज ऐकतात, तेथे पोराने झाडूवर बसून उडण्याचे कोणास नवल!

निघताना भाचा स्थानकावर आला. गाडी हलू लागली तसा खिडकीशी येऊन म्हणाला, "मामा, दुसरा भाग मराठीतलाच आणा. आणि तुम्ही आधी वाचू नका. कोरा आणा."

दुसरा भाग आणून पंधरा दिवस झाले. येथे, तंबोऱ्याशेजारी ठेवला आहे. दिवाळीपर्यंत तो न उघडण्याचा शब्द मी दिला आहे, आणि तो पाळणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे.