अरुंधती केशातील दोन थोरल्या दीर्घिका

वैशाखात रात्री नऊच्या सुमारास डोक्यावर उत्तरा फाल्गुनी आणि तिच्या पूर्वेला नारिंगी स्वाती आपण पाहिली असेल. या दोघींच्या मधे, किंचित उत्तरेला, अरुंधती केश हा फिकट तारकासमूह आहे. त्याच दिशेला, पण त्याच्या ताऱ्यांच्या कितीतरी पलीकडे, सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवर हजारांहून अधिक दीर्घिकांचा एक समूह आहे. नुसत्या डोळ्यांना त्यातली एकही दिसायची नाही. त्याच्या गाभ्यात एनजीसी ४८८९ ही प्रचंड लंबवर्तुळाकार दीर्घिका आहे. विल्यम हर्शेलने ती १७८५ साली दुर्बिणीतून पाहिली.

आपल्या आकाशगंगेला सर्पिल बाहू आहेत, त्यांत थंड वायू आहे, म्हणून तिथे नवे तारे जन्मतात. एनजीसी ४८८९ला बाहू नाहीत, तारे बहुतेक म्हातारे, तांबूस-पिवळे. याचे कारण तिच्या शेजारात शोधावे लागते. गर्दीत दीर्घिका एकमेकींवर आदळतात, मोठी लहानीला गिळते. तबकडीतली शिस्तबद्ध प्रदक्षिणा मोडते, तारे वाटेल त्या दिशेने फिरू लागतात आणि आकार अंड्यासारखा होतो. शिवाय दीर्घिकांमधल्या पोकळीत कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू भरलेला आहे. तो क्ष-किरणांत दिसतो. त्यातून वेगाने जाणाऱ्या सर्पिल दीर्घिकेचा थंड वायू ओरबाडला जातो. म्हणून अशा समूहात सर्पिल दीर्घिका बहुधा कडेलाच आढळतात.

पण इथे एक पेच आहे. गाभ्यातच एनजीसी ४८७४ ही दुसरी तितकीच मातब्बर दीर्घिका आहे. एका म्यानात दोन तलवारी कशा? दोन वेगळे समूह एकत्र आले आणि प्रत्येकाने आपली थोरली बरोबर आणली, असे खगोलशास्त्रज्ञ मानतात. मला हे पटते. कारण एनजीसी ४८३९ भोवतालचा आणखी एक गट नैर्ऋत्येला आहे, तोही याच समूहाशी एकजीव होतो आहे.

मग एवढी गर्दी एकत्र बांधून ठेवते कोण? १९३३ साली फ्रिट्झ झ्विकीने याच समूहातील दीर्घिकांचे वेग तपासले. त्यांच्यात सेकंदाला हजार किलोमीटर आणि अधिक फरक होता. दिसणाऱ्या ताऱ्यांचे गुरुत्वाकर्षण एवढ्याला पुरणारे नव्हते. समूह केव्हाच उधळायला हवा होता. न दिसणारे द्रव्य त्याला धरून असले पाहिजे, असे त्याने मांडले. त्याचा आकडा फुगलेला होता, कारण त्या काळी अंतरे चुकीची धरली जात आणि तप्त वायू ठाऊक नव्हता. आज तो वायू हिशेबात धरला, तरी तारे आणि वायू मिळून समूहाच्या वस्तुमानाचा जेमतेम सहावा-सातवा हिस्सा भरतो.