मेलमन आणि मोडलेली सही

एकाने पत्र लिहायचं आणि ते यादीतल्या शेकडो सभासदांना पोचायचं, हे काम मेलमन नावाचं मोफत सॉफ्टवेअर नव्वदच्या दशकापासून करत आलं आहे. जॉन व्हिएगा यांनी ते सुरू केलं, बॅरी वॉर्सा यांनी पुढे वाढवलं. पत्र वाटताना मेलमन सहसा दोन गोष्टी करतं. विषयाच्या आधी चौकटी कंसात यादीचं नाव घालतं आणि मजकुराखाली यादीच्या पानाचा पत्ता जोडतं. हेतू सभासदांच्या सोयीचा.

घात या सोयीनेच केला. 2007 साली डीकिम ही सहीची पद्धत प्रमाण झाली. पाठवणारा सर्व्हर मजकुराचा आणि ठरावीक हेडरांचा गणिती ठसा काढून सही करतो. घेणारा तो पुन्हा काढून ताडून पाहतो. तळाशी एक ओळ वाढली, की ठसा जुळत नाही. तरीही मोडक्या सहीची पत्रं बहुधा पोचत होती. एप्रिल 2014 मध्ये मात्र याहूने डीमार्क धोरणातून, म्हणजे पडताळणी फसलेल्या पत्रांचं काय करायचं हे पाठवणाऱ्याने सांगायच्या सोयीतून, जाहीर केलं, की आमच्या नावाचं पत्र पडताळणीत उतरलं नाही तर नाकारा. पाठोपाठ एओएलनेही तेच केलं.

मग भलत्यालाच फटका बसला. याहूवरच्या सभासदाने लिहायचं, मेलमनने तळटीप जोडायची, जीमेलने पत्र परतवून लावायचं आणि त्या नकाराची नोंद जीमेलवर पत्र घेणाऱ्या सभासदाच्या नावावर पडायची! दिवसाला फार तर एक गुण. मूळ मांडणीत पाच गुण भरले, की त्याचं टपाल बंद. ज्याने एक अक्षर लिहिलं नव्हतं, तोच गप्पांतून बाहेर.

तोडगा म्हणून मेलमनने प्रेषकाच्या जागी यादीचाच पत्ता घालायची सोय दिली: ‘अमुक, यादीमार्फत’. पत्रं पोचू लागली, पण लिहिणाऱ्याचा पत्ता त्याच्या हक्काच्या जागेवरून गेला. मला ही तडजोड आजही सलते. 2019 मध्ये एआरसी आलं. ‘माझ्याकडे आलं तेव्हा सही शाबूत होती’ अशी ग्वाही वाटेतला सर्व्हर त्यात जोडतो; ती मानायची की नाही, हे घेणाऱ्याच्या हाती.

यादी चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: विषयातला कंस आणि खालची तळटीप काढून टाका. यादीची ओळख आणि नाव कमी करण्याचा पत्ता सांगायला लिस्ट-आयडी आणि लिस्ट-अनसबस्क्राइब हे हेडर आहेतच, आणि ते जोडल्याने सही सहसा मोडत नाही. लिहिणाऱ्याचं पत्र जसं आलं तसंच पुढे जाऊ द्या.