काळा अक्रोड : फळी घेण्यापूर्वी पारखून घ्या

उंची फर्निचर करणाऱ्या कारागिरांकडे गिऱ्हाईक आता ‘अमेरिकन वॉलनट’ मागू लागले आहे. हे लाकूड महाग आहे. फळी निवडताना चूक झाली, तर नफा जातोच, शिवाय पदरचेही घालावे लागते. म्हणून त्याचे गुणदोष आधीच माहीत असलेले बरे.

काश्मिरात ज्यावर नक्षीकाम होते, तो अक्रोड वेगळा. काळा अक्रोड हा त्याचा भाऊबंद. तो अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागात वाढतो. नावाने काळा असला तरी त्याचा गाभा चॉकलेटी असतो, कधी जांभळट झाक मारतो. सालीकडचा भाग पांढरट असतो. तिकडच्या गिरण्यांत फळ्यांना वाफ देऊन हा भाग गडद करतात. रंग जुळला तरी तो गाभ्याइतका टिकाऊ होत नाही, त्याला कीड लागू शकते. म्हणून फळीत गाभा किती, हे आधी पाहावे.

वाळलेल्या लाकडाचे वजन घनफुटाला सुमारे १७ किलो, म्हणजे सागापेक्षा थोडे कमीच. रंधा, पटाशी, करवत सुरेख चालते. सरस चांगला धरतो, पॉलिश खुलते. मात्र गाठीजवळ रेषा उलटसुलट असतात. तिथे धार लावलेल्या रंध्याने पातळ छिलका काढावा, नाहीतर लाकूड उखडते. टेबल, कपाट, कोरीवकाम, बंदुकीचे दस्ते यांसाठी ते नावाजलेले आहे. खर्च आवरायचा असेल, तर प्लायवूडवर त्याचे व्हिनिअर लावता येते.

भाव विचारताना माप समजून घ्या. परदेशी व्यापारी ‘बोर्ड फूट’मध्ये बोलतो. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड म्हणजे एक बोर्ड फूट. असे १२ मिळून एक घनफूट होतो. हा गुणाकार चुकला, तर सारा सौदाच चुकतो.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा. ओलसर लाकडाला लोखंड लागले की निळेकाळे डाग पडतात, तेव्हा पितळी स्क्रू वापरा. उन्हात हा गडद रंग वर्षांगणिक फिका होतो, तेव्हा गिऱ्हाइकाला तसे आधीच सांगा. तिसरी गोष्ट भुशाची. या लाकडाचा भुसा वा छिलका घोड्यांखाली अंथरला, तर थोड्याशा मिसळीनेही त्यांचे पाय सुजतात आणि खूर दुखावतात. तबेल्याला भुसा विकणाऱ्यांनी तो वेगळाच ठेवावा. कारागिरांनीही धुळीपासून नाकतोंड झाकावे.

आणि बिलावर भरीव लाकूड की व्हिनिअर, हे स्पष्ट लिहा. एकदा फसलेले गिऱ्हाईक परत येत नाही. समाधानाने गेलेले मात्र आणखी चौघांना घेऊन येते.