कुजबुजीतून विमान सापडत नाही

बेपत्ता एमएच३७० विमानाचा शोध ३० डिसेंबर २०२५ पासून पुन्हा सुरू करण्याची घोषणा मलेशियाच्या वाहतूक मंत्रालयाने केली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तो व्हिडिओ परत फिरू लागला. विमान कुठे पडलं हे हॅम रेडिओवाल्यांच्या जुन्या नोंदींतून केव्हाच कळलंय, फक्त कुणी ऐकून घेत नाही, असा त्याचा सूर. हौशी रेडिओची एरवी कुणी दखल घेत नाही. घेतली तीही नेमकी चुकीच्या कारणासाठी.

दावा रिचर्ड गॉडफ्री या ब्रिटिश अभियंत्याचा. विमान बेपत्ता झालं त्या, ८ मार्च २०१४ च्या रात्री जगभरातल्या हौशी केंद्रांचे अतिशय क्षीण सिग्नल हिंदी महासागरावरून ये-जा करत होते. विमान त्यांच्या वाटेत आलं की सिग्नलमध्ये बारीकशी गडबड होते, अशा गडबडी जोडत गेलं की विमानाचा माग लागतो, असं ते म्हणतात. लिव्हरपूल विद्यापीठातल्या सायमन मास्केल यांनी ही पद्धत तपासायला घेतल्याने दाव्याला वजनही आलं. पण ज्या माणसाने हे क्षीण सिग्नल पाठवायची पद्धत बनवली, तोच हा सगळा वेडगळपणा असल्याचं स्पष्ट सांगून मोकळा झालाय. हा माणूस कोण, हे व्हिडिओ सांगत नाही.

त्याचं नाव जो टेलर. कॉल साइन के१जेटी. रसेल हल्स या विद्यार्थ्याबरोबर १९७४ मध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीवर त्यांनी जोडतारा पल्सार शोधला आणि १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळालं. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर पल्सारचं काम करणाऱ्यांना विचारा, त्यांचा निम्मा जन्म खरखरीतून नियमित ठोका वेगळा काढण्यात जातो. टेलरनी तीच नजर पोरवयापासूनच्या छंदाकडे वळवली. २००१ मध्ये उल्कांच्या क्षणभंगुर रेघांवरून सिग्नल परतवण्यासाठी त्यांनी सॉफ्टवेअर लिहिलं, मग चंद्रावरून परतवण्यासाठी, आणि २००८ मध्ये डब्ल्यूएसपीआर, ज्याच्या नोंदी गॉडफ्री वापरतात. हॅम मंडळी त्याला 'व्हिस्पर' म्हणतात.

व्हिस्पर गप्पांसाठी नाहीच. केंद्र आपली कॉल साइन, ठिकाण आणि किती ताकदीने बोलतंय एवढंच सांगतं. सगळे मिळून ५० बिट, म्हणजे जेमतेम सात इंग्रजी अक्षरांचा ऐवज. तो पाठवायला ११०.६ सेकंद लागतात! ताकद बहुधा पाच वॅटच्या आत, पुष्कळदा वॅटचा पाचवा हिस्सा. तरी तो सिग्नल आयनांबरावरून उड्या मारत हजारो किलोमीटर जातो आणि ऐकणारे संगणक त्याची नोंद एका खुल्या साठ्यात टाकतात. आकाश कुठून कुठे 'उघडं' आहे हे त्यावरून कळतं. त्याचा हेतू तेवढाच.

इथे एक आकडा हमखास फेकला जातो: उणे २८ डेसिबल. म्हणजे गोंगाटाच्या सहाशेव्या भागाइतका सिग्नलही व्हिस्पर वाचतो. ऐकायला जादू वाटते. पण हा गोंगाट मोजलेला असतो अडीच हजार हर्ट्झच्या रुंदीत, कारण माणसाच्या बोलण्याला रेडिओवर साधारण तेवढी जागा लागते. व्हिस्परचे चार सूर एकमेकांपासून दीड हर्ट्झच्याही आत बसतात, सगळा सिग्नल सहा हर्ट्झमध्ये मावतो. एका सुराच्या त्या चिंचोळ्या फटीत गोंगाटही सतराशेव्या हिश्श्यावर येतो, आणि तिथे सिग्नल त्याच्या दुपटीहून वर असतो. उरलेलं काम चुका दुरुस्त करणारी सांकेतिक रचना आणि घड्याळ करतं: प्रसारण सम मिनिटालाच सुरू होणार, हे दोन्ही टोकांना ठाऊक असतं. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दारावर, ठरलेली टकटक. कान देऊन बसलेल्याला ती भर बाजारातही कळते.

म्हणजे व्हिस्परचं सगळं बळ 'ठरलेलं' असण्यात आहे. विमानाने कुणाशी काहीच ठरवलेलं नव्हतं.

आता नोंदीत उरतं काय ते बघा. जवळपास दोन मिनिटांच्या प्रसारणासाठी सिग्नलच्या जोराचा एक आकडा, तोही पूर्णांकात. वारंवारता, आणि ती मिनिटाला किती हर्ट्झ सरकली याचा आणखी एक पूर्णांक. दोन मिनिटांत जेट विमान तीस किलोमीटर पुढे गेलेलं असतं. केंद्राचं ठिकाण चार अक्षरांच्या चौकोनात सांगितलेलं असतं आणि हा चौकोन दोन अंश रेखांश बाय एक अंश अक्षांश एवढा ऐसपैस आहे. दक्षिण मुंबई आणि पुणे दोन्ही एमके६८ या एकाच चौकोनात येतात. त्यात आयनांबर स्वतः स्वस्थ बसत नाही. त्याच्या हालचालीने सिग्नल दहा-दहा डेसिबल वरखाली होणं ही हॅमच्या रोजच्या अनुभवातली गोष्ट, त्याला विमान लागत नाही. अशा आकड्यांच्या ढिगाऱ्यात 'गडबड' शोधायची ठरवली तर ती कुठल्याही रात्री, कुठल्याही मार्गावर सापडेल. जो सिग्नल सरळ येतानाच धापा टाकतो, त्याचा विमानावर आपटून चहूकडे विखुरलेला कण आणखी हजारो किलोमीटरवर ओळखू येईल, हे मला तरी पटत नाही. आयनांबरावरून विमानं हेरणारी यंत्रणा अस्तित्वात आहे. ऑस्ट्रेलियाची जॉर्न हे त्याचं उदाहरण. पण तिच्या प्रसारणाची ताकद शेकडो किलोवॅटांत आहे आणि ऐकणाऱ्या अँटेनांची रांग किलोमीटरांत मोजावी लागते.

व्हिस्परने उडती वस्तू शोधता येत नाही असं मात्र नाही. वस्तूने स्वतः बोललं पाहिजे. सौर पट्टीवर चालणारा काही मिलिवॅटचा ट्रान्समीटर बांधून हौशी लोक छोटे फुगे सोडतात आणि ते पृथ्वीला फेऱ्या मारत व्हिस्परवरून आपला पत्ता सांगत राहतात. अमेरिकेतल्या इलिनॉयच्या एका गटाचा असा फुगा सातव्या फेरीवर असताना १० फेब्रुवारी २०२३ ला अलास्काच्या किनाऱ्याजवळ शेवटचा बोलला. दुसऱ्या दिवशी अमेरिकी एफ-२२ ने कॅनडाच्या युकॉनवर एक अनोळखी वस्तू पाडली, सुमारे चार लाख डॉलरचं क्षेपणास्त्र डागून. ती वस्तू तोच फुगा होता असं कुणी अधिकृतपणे सांगितलेलं नाही. चिनी फुग्याने घाबरलेल्या त्या आठवड्यात एवढ्या प्रबळ हवाई दलाला हॅम मंडळींचा खुला नकाशा उघडून बघायचं सुचलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच म्हणतो.

हौशी रेडिओची दखल घ्यायचीच तर व्हिस्परनंतरच्या कामाची घ्या: टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये एफटी८ आणलं. त्यात पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने दोन केंद्रं खरोखर एकमेकांना उत्तर देतात, आणि आज हॅमच्या लघुलहरींवर सर्वांत जास्त गजबज त्याचीच आहे. संगणक संगणकाशी बोलतो, यात हॅमचं काय कौशल्य, अशी जुन्या मोर्सवाल्यांची कुरकूर असते. तिच्यात तथ्य आहे. पण गच्चीत लांब अँटेना लावायला सोसायटी परवानगी देत नाही अशा फ्लॅटमधल्या परवानाधारकाला खिडकीतल्या तारेवरून दुसऱ्या खंडापर्यंत पोचायची सोय झाली, हेही खरं.

विमान कुठे पडलं याचं म्हणाल तर विश्वास ठेवण्याजोगा पुरावा दोनच प्रकारचा आहे: इन्मारसॅट उपग्रहाशी तासातासाने झालेला संपर्क, आणि जुलै २०१५ मध्ये रियुनियन बेटावर मिळालेल्या पंखाच्या भागापासून पुढे किनाऱ्यांना लागलेले अवशेष. १ लाख २० हजार चौरस किलोमीटरचा पहिला समुद्रतळ शोध जानेवारी २०१७ मध्ये थांबला. ३० डिसेंबर २०२५ पासूनच्या शोधात ओशन इन्फिनिटी ही कंपनी आपल्या पाणबुड्या यंत्रांनी १५ हजार चौरस किलोमीटर तपासणार होती, टप्प्याटप्प्याने ५५ दिवस. सापडलं तर ७ कोटी डॉलर, नाहीतर काही नाही.

तो व्हिडिओ तुमच्याकडे आला तर कृपा करून पुढे पाठवू नका. विमानातल्या २३९ जणांत पाच भारतीय होते, त्यांत महाराष्ट्रातली माणसंही होती, आणि त्यांच्या घरच्यांकडेही व्हॉट्सअ‍ॅप आहे.