कर्ता आणि करविता : शिलाई यंत्राचे नाव आणि त्याची प्रत

परभणीच्या बाजारात शिलाई यंत्र घ्यावयास गेलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणाची मशीन?’ असा असतो. उत्तरही त्याच विभक्तीत मिळते : ‘उषाची’, ‘सिंगरची’, ‘मेरिटची’. हा व्यवहार इतका अंगवळणी पडलेला आहे की, त्यातील षष्ठीकडे आपले लक्षही जात नाही. परंतु यंत्राची प्रत आणि त्यावरील नावाची प्रतिष्ठा यांचा संबंध शोधावयाचा असेल, तर या षष्ठीपासूनच आरंभ करणे सोयीचे होईल.

मराठीतील षष्ठी अनेक संबंध दाखविते. ‘कुंभाराचा माठ’ म्हटले की माठ घडविणारा कळतो. ‘येवल्याची पैठणी’ म्हटले की उत्पत्तिस्थान कळते. ‘पाटलांचा वाडा’ म्हटले की मालक कळतो. ‘अमक्याची मशीन’ या प्रयोगात यांपैकी कोणता संबंध अभिप्रेत आहे? गिऱ्हाईक तो ‘कुंभाराचा माठ’ या जातीचा समजते. वस्तुस्थिती मात्र पुष्कळदा ‘पाटलांचा वाडा’ या जातीची असते. वाडा पाटलांचा खरा, पण तो बांधला गवंड्याने. आणि त्या गवंड्याचे नाव वाड्यावर कोठेही नसते.

आपल्या व्याकरणाने हा भेद फार पूर्वीच ओळखला आहे. ‘करणे’ आणि ‘करविणे’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. पहिल्याचा कर्ता स्वतः क्रिया करतो, दुसऱ्याचा कर्ता ती दुसऱ्याकडून करवून घेतो. आजच्या उद्योगात ज्यास कंत्राटी उत्पादन म्हणतात, तो या प्रयोजक प्रयोगाचाच आर्थिक अवतार होय. नाव करवित्याचे, हात कर्त्याचे. प्रश्न एवढाच की, ही फारकत झाल्यावर यंत्राची प्रत कोणावर अवलंबून राहते?

‘पूर्वीची यंत्रे चांगली, कारण कारखानदार ती स्वतः बनवीत, आता बाहेरून करवून घेतात म्हणून ती बिघडली’ असे सरसकट उत्तर दिले जाते. इतिहास या उत्तरास पुरता पाठिंबा देत नाही. अमेरिकेतील विलकॉक्स अँड गिब्ज या नावाची यंत्रे 1858 पासून त्या नावाच्या मालकांनी नव्हे, तर प्रॉव्हिडन्स येथील ब्राउन अँड शार्प या कारखान्याने घडविली. कंत्राटाने घेतलेल्या याच कामाच्या निमित्ताने त्या कारखान्याने मोजमापाची व घर्षणकामाची यंत्रसामग्री सुधारली, आणि तिचा लाभ पुढे सर्वच यंत्रोद्योगास झाला. उलट सिंगर ही संस्था आपली यंत्रे आपल्याच कारखान्यात बनवीत असे. तरीही 1870 च्या दशकात, जगात तिचा खप सर्वाधिक असताना, तिच्या यंत्रांचे भाग कारागीर कानशीने घासून एकमेकांस जुळवीत असत. म्हणजे एकीकडे करवून घेतलेले काम अधिक नेमके होते, तर दुसरीकडे स्वतः केलेले काम अधिक प्रतिष्ठित होते.

मग सिंगरला ही प्रतिष्ठा लाभली कशाने? 1856 पासून तिने हप्त्याने विक्री सुरू केली. पुढे गावोगाव स्वतःचे प्रतिनिधी नेमले, यंत्र चालविणे शिकविले, सुटे भाग पुरविले आणि दुरुस्तीची सोय ठेवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन येथील तिचा कारभार न. म. पटेल या पारशी गृहस्थांकडे होता. यंत्रे येत ती प्रामुख्याने स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्यातून. 1924 साली यंत्रविषयक चर्चेत गांधीजींनी अपवाद म्हणून उल्लेख केला तो सिंगरच्या शिलाई यंत्राचा. व्यक्तिनाम जातीच्या वतीने उभे राहिले होते. या नावाचा अर्थ ‘घडविणारा’ एवढाच नव्हता. ‘विकल्यानंतरही उत्तर देणारा’ हाही होता.

परंतु नाव दीर्घायुषी असते, कारखाना नसतो. 1885 मध्ये सुरू झालेला क्लाइडबँकचा कारखाना 1980 मध्ये बंद पडला, नाव उरले. 2006 मध्ये अमेरिकेचे सिंगर, स्वीडनचे हुस्कवार्ना वायकिंग आणि जर्मनीचे फाफ ही एकेकाळची परस्परस्पर्धी नावे एकाच उद्योगसमूहाखाली आली. भाषेत शब्द तोच राहून अर्थ सरकतो, तशीच ही घटना आहे. फरक इतकाच की, भाषेतील अर्थांतर सर्व भाषिकांच्या व्यवहारातून घडते. व्यापारी नावाचे अर्थांतर मालकाच्या निर्णयाने घडते आणि ते गिऱ्हाइकाच्या कानी सर्वांत शेवटी पडते.

आता यंत्राच्या अंतरंगाकडे वळू. दुहेरी धाग्याचा टाका पडतो तो असा : सुई खाली जाऊन किंचित वर येते, त्या क्षणी तिच्या नाकाजवळ धाग्याचा लहानसा फास तयार होतो, शटलचे टोक त्या फासात शिरते आणि वरचा धागा बॉबिनच्या धाग्याभोवती फिरवून आणते. सुई आणि शटलचे टोक यांतील अंतर केसभर वाढले किंवा वेळ थोडी चुकली, तरी टाका सुटतो. म्हणून यंत्राची प्रत रंगात, सोनेरी नक्षीत वा नावात नसते. बिडाच्या सांगाड्यातील भोके एका रेषेत आहेत काय, दांड्यांना पुरेसे पाणी दिलेले आहे काय, शटल ज्या खाचेत फिरते ती गुळगुळीत आहे काय, यांवर ती ठरते. यांतील बहुतेक गोष्टी दुकानात डोळ्यांना दिसत नाहीत. वापराने, दोन-तीन वर्षांनी कळतात.

म्हणूनच येथे नावास महत्त्व येते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले की, मालाची खरी प्रत विकणाऱ्यास माहीत आणि घेणाऱ्यास अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्यास बाजारातून हुसकावून लावतो. व्यापारी नाव हा त्यावरील एक उपाय होय. नावाचा मालक खराब माल देईल तर पुढील विक्री गमावील, ही भीतीच गिऱ्हाइकाचे तारण असते. परंतु हे तारण टिकते ते नावाचा मालक बाहेरून आलेला प्रत्येक भाग तपासतो तोवरच. केवळ नाव भाड्याने दिल्यासारखा व्यवहार झाला, तर मागील पिढीने साठविलेली प्रतिष्ठा खर्ची पडत जाते.

भारतात या प्रश्नास विशेष रूप आले आहे. 1930 च्या दशकात कलकत्त्यात जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ हे देशी यंत्र आणले. पुढे पंजाबात लुधियाना येथे शिलाई यंत्रांचा व त्यांच्या भागांचा मोठा लघुउद्योग वाढला. तेथे एक कारखाना सांगाडा ओततो, दुसरा शटल करतो, तिसरा सुईदांडा, आणि चौथा ते जुळवितो. ही रचना स्वभावतः सदोष नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने हीच पद्धत वापरली; मात्र सर्वांसाठी यंत्राचा एकच नमुना व भागांची समान मापे ठरविली, त्यामुळे एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या यंत्रात बसू लागला. ती यंत्रे अमेरिकेत असंख्य निरनिराळ्या नावांनी खपली आणि त्यांतील कित्येक आजही टाका घालतात. यावरून निष्कर्ष असा निघतो की, प्रत बिघडते ती काम बाहेर दिल्याने नव्हे, तर काम बाहेर देताना गेज आणि तपासणीही हातची सोडल्याने.

कायद्यानेही या व्याकरणात लक्ष घातले आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मधील ‘उत्पादनाचा निर्माता’ या संज्ञेच्या व्याख्येत वस्तू घडविणारा येतो, इतरांनी केलेले भाग जुळविणारा येतो, आणि दुसऱ्याने केलेल्या वस्तूवर आपले चिन्ह लावणारा अथवा लावविणाराही येतो. म्हणजे उत्तरदायित्वापुरता करविता हाच कर्ता मानला आहे. ‘आम्ही ते बनविलेच नाही’ ही सबब नावाच्या मालकास या व्याख्येपुढे पुढे करता येणार नाही.

या चर्चेचा आपल्या जिल्ह्याशी संबंध काय? मानवत, सेलूच्या बाजारांतून कापूस बाहेर जातो आणि कापड होऊन परत येतो; त्यावर परभणीचे नाव नसते. त्या कापडास शिवून चार पैसे मिळविण्याचे साधन म्हणजे घरातील शिलाई यंत्र. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश असून अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद तीत आहे. एवढ्या रकमेत एकदाच यंत्र येते. जिंतूर वा पालमच्या एखाद्या खेड्यात लग्नसराईच्या तोंडावर शटल निकामी झाले आणि त्या मापाचे शटल तालुक्यास मिळाले नाही, तर त्या बाईचा हंगाम बुडतो. तिच्या दृष्टीने नावाची प्रतिष्ठा तिच्या गावापासून दुरुस्तीच्या दुकानापर्यंतच्या अंतरात मोजावयाची असते.

म्हणून खरेदी करणाऱ्याने, मग ती एकटी स्त्री असो वा शासकीय समिती, ‘कोणाची मशीन?’ या एका प्रश्नाचे तीन प्रश्न करावेत. केली कोणी? तपासली कोणी? आणि बिघडल्यास उत्तर देणार कोण? त्यानंतर हातचाक सावकाश फिरवून ते कोठे अडते काय ते पाहावे. सुई छिद्राच्या मधोमध उतरते काय ते पाहावे. पातळ मलमल आणि जाड कापडाची चौपदरी घडी या दोहोंवर टाका घालून तो खालून-वरून सारखा पडतो काय ते तपासावे. याला पाच मिनिटे पुरतात, आणि नाव जे सांगत नाही त्यातील बरेचसे ही पाच मिनिटे सांगतात.

भाषेच्या अभ्यासकाने बाजारात लक्ष घालावे काय, असा आक्षेप येणे शक्य आहे. त्यास उत्तर इतकेच की, फसवणूक पुष्कळदा खोट्या शब्दाने होत नाही. खऱ्या शब्दाच्या संदिग्ध विभक्तीने होते. ‘अमक्याची मशीन’ हे वाक्य खोटे नसते. त्यातील ‘ची’ म्हणजे काय, हे मात्र विचारून घ्यावे लागते. परभणी जिल्ह्यातील शिंपी, यंत्रदुरुस्ती करणारे आणि विक्रेते यांच्या बोलीत या ‘ची’चे किती अर्थ नांदतात, याचा पद्धतशीर संग्रह आपल्या विद्यार्थ्यांनी केला, तर तो भाषाशास्त्राच्या उपयोगी पडेलच, यंत्र घेणाऱ्या बाईच्याही उपयोगी पडेल.